स्तेपानचा ट्रॅक्टर

पंगती उठल्या, भांडी विसळून झाली, तरी कालिना आणि तिच्याबरोबरची तीन-चार पोरं गावच्या हॉलच्या स्वयंपाकघरात अडकून बसली होती. बाहेर उणे अडतीस. अशा थंडीत गाडीच्या इंजिनाच्या हीटरचा प्लग खांबावरच्या सॉकेटात लावून ठेवावा लागतो. नाचाच्या नादात कालिना तेच विसरली. आत्ता लावून आली, म्हणजे इंजिन तापेपर्यंत दोन तास तरी बसणं आलं.

"सास्कॅचेवानात जन्मलीस आणि प्लग विसरतेस?" प्रोकिप आजोबा म्हणाले. "उद्या नाक घरी विसरून येशील."

"आणि हॉलचा तो म्हातारा ट्रॅक्टर? त्याला तर धड वायरसुद्धा नाही. तरी एका सेल्फमध्ये उठतो! तो काय देवाघरून आलाय, आजोबा?"

पोरं हसली. आजोबा हसले नाहीत. उठून त्यांनी दार घट्ट लावलं.

"तो स्तेपानचा आहे," ते म्हणाले. "माझ्या शेजारच्या शेतावरचा. निम्मं मला त्याच्या भावानं दारूत सांगितलं, निम्मं त्याच्या बायकोनं शुद्धीत. दोन्ही तंतोतंत जुळलं… म्हणून सांगतो."

चार वर्षांपूर्वीची मलांका. जुन्या पंचांगातली वर्षाची शेवटची रात्र, म्हणजे आजचीच, तेरा जानेवारी. सगळा गाव इथं नाचत होता. स्तेपानचा धाकटा भाऊ दानिलो तेवढा घरी होता. गायींना गवत टाकायला तो गोठ्याकडे निघाला. वाटेत ट्रॅक्टर उभा होता. दानिलोनं नेहमीप्रमाणे मान फिरवली.

वर्षभर तो अशीच मान फिरवत होता.

अंगणात सॉकेट एकच होतं, आणि बापाच्या वेळेपासून नियम होता: थंडीत ते सॉकेट ट्रॅक्टरचं. वाटेत कुणी बर्फात रुतलं तर ओढून काढायला दुसरं काही नसतं. आदल्या मलांकेला दानिलोला नाचाला जायचं होतं. त्यानं ट्रॅक्टरचा प्लग उपसला आणि आपल्या पिकअपचा खुपसला. एका रात्रीनं काय होतंय!

वादळ सुटलं. पिकअप फाटकाबाहेरही जाईना. आणि थोरल्या भावाचा, स्तेपानचा फोन आला. "दान्या, तळ्याच्या वळणावर गाडी चरात गेलीय. ट्रॅक्टर घेऊन ये."

ट्रॅक्टर गारठून दगड झाला होता. दानिलोनं सेल्फ मारमार मारला. इंजिन धरेना. मग घाईघाईनं प्लग बदलला, पण लोखंड काय लगेच तापतं? दोन तासांनी ट्रॅक्टर उठला. दानिलो पोचला तेव्हा स्तेपान गाडीत नव्हता. अर्ध्या वाटेत सापडला, घराकडे तोंड करून. ट्रॅक्टर निघालाच असेल असं धरून तो सामोरा चालत आला होता.

"हीटर जळला होता, वहिनी," दानिलोनं मोत्रियाला सांगितलं. खोटं उघडं पडू नये म्हणून त्याच रात्री पकडीनं वायर कापली, प्लग विहिरीत टाकला. लोक त्याच्यासाठी जेवण घेऊन आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुझा काय दोष? आणि दानिलो जेवला.

आता वर्षानं गवताचा भारा हातात असतानाच खिशातला फोन वाजला. मोत्रिया त्याच अंगणातल्या दुसऱ्या घरात राहायची. हॉलवरून परतत होती.

"दानिलो… तळ्याच्या वळणावर रुतलेय मी. हॉलवर कुणी फोन उचलत नाही. गाडी बंद पडली."

"वहिनी, उतरू नका! काही झालं तरी उतरू नका."

"तेही उतरले नसते," ती म्हणाली. "ट्रॅक्टर आला असता तर."

फोन बंद झाला.

रस्ता पुरता बुजला होता. पिकअप निरुपयोगी. उरला ट्रॅक्टर. थंड. वायर कापलेला. दानिलो चढला. चावी फिरवताना त्याला रडू फुटलं.

इंजिन धरलं.

पहिल्याच सेल्फला.

तो खाली उतरला. हातमोजा काढला. बोनेटवर हात ठेवला…

गरम.

वर चढला. निघाला. मागं बघितलं नाही. वळण आलं. काळोखात गाडी. काचेवर आतून एक हात हलला. त्यानं साखळी लावली, गाडी चरातून ओढली, मोत्रियाला उचलून केबिनमध्ये बसवलं. तिचे पाय बधिर झाले होते.



अंगणात आल्यावर मोत्रिया लंगडत खाली उतरली. बोनेटवर दोन्ही तळवे टेकले. बराच वेळ…

"वर्षभर तुला प्लग लावताना पाहिलं नाही मी," ती म्हणाली. "मग हा तापला कसा?"



तिनं टॉर्च लावला. इंजिनापुढच्या जाळीतून लोंबणारी वायर हातात धरली. वीतभर होती. टोक बोटांत फिरवून बघितलं.

"जळलेली तार काळी पडते, दानिलो."

वारा.

"ही कापलीय."

"वहिनी…"

"त्या रात्री प्लग कुणाला लावला होतास?"

त्याची नजर गेली सॉकेटच्या खांबाकडे. खांबाला त्याची पिकअप होती. प्लग लावलेला. यंदाही.

मोत्रियानं ते बघितलं. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. घरात गेली आणि आतून कडी घातली.

"दानिलो वसंतात गाव सोडून गेला," आजोबा म्हणाले. "ट्रॅक्टर लिलावात निघाला. कुणी बोली लावेना. मग हॉलनं घेतला, बर्फ काढायला."

"आणि मोत्रिया?"

"आज कोबीचं सारण भरलेले, उकडलेले पिरोही चापलेस ना? कुणी केले वाटलं? तिच्याशी बोलताना सगळ्यांचा जीव अवघडतो. आम्हीच तर दानिलोला जेवण नेऊन दिलं होतं. मीसुद्धा एक भांडं नेलं. ती एकदाच म्हणाली मला, 'प्रोकिप, माझ्यासाठी उठला तो. त्यांच्यासाठी का नाही उठला?'"



"थापा," कालिना म्हणाली, पण आवाज बारीक होता. टॉर्च घेऊन ती एकटीच बाहेर गेली.

संध्याकाळपासून भुरभुरणारा बर्फ सगळ्या गाड्यांवर चार बोटं साचला होता. तिच्या गाडीवरही, प्लग लावलेला असून. ट्रॅक्टर हॉलच्या मागं एकटाच उभा होता. त्याचं बोनेट काळं, ओलं. जाळीतून वीतभर वायर लोंबत होती. तिच्या कापलेल्या टोकाखाली बर्फात मुठीएवढं भोक पडलं होतं. कालिनानं टॉर्च खाली धरला.

भोकाच्या तळाशी काळी माती दिसत होती. ओली.