दुसरा खड्डा अठ्ठावीसवरच

मंगळवार. पहिला खड्डा ६२ अंश. दुसरा खड्डा २८.

"पुन्हा घाल."

"तीनदा घातला. अठ्ठावीसच." मोजपट्टीने लांब दांड्याचा थर्मामीटर खड्ड्यातून उपसला आणि घुबडाच्या नाकासमोर धरला. "चष्मा पुसून बघ."

मोजपट्टी उंच होता आणि दिसेल ते मोजायचा, म्हणून मोजपट्टी. चष्मेवाला घुबड त्याचा चुलतभाऊ. घुबडाची धाकटी बहीण ठिणगी. तिला हे नाव का पडलं ते तिच्याशी भांडलं की कळे. तिघं सुट्टीत आत्याकडे आली होती, आणि आत्या रेशमाच्या अळ्या पाळायची.

सध्या शेड रिकामी होती. कोष गेले होते, मागे उरला होता कचरा: तुतीचे देठ, अर्धवट खाल्लेला पाला आणि अळ्यांची मोहरीएवढी काळी विष्ठा. तो कुजायला चार-चार महिने लागत. आत्याने दोन वर्षं खटपट करून त्याला झटपट कुजवणारे जंतू वाढवले होते. बघायला गेलं तर कॅनभर चहाच्या रंगाचं पाणी.

"एका थेंबात कोट्यवधी," आत्या म्हणायची, "आणि सगळे उपाशी."

दोन्ही खड्ड्यांतल्या कचऱ्यावर एकाच दिवशी, एकाच कॅनमधलं पाणी पडलं होतं. पहिला तापला, म्हणजे कुजू लागला. दुसरा ढिम्म.

आजोबांनी सकाळीच आत्याला बजावलं होतं, "रविवारी नवी अंडी येतायत. सडका कचरा शेडजवळ राहिला तर अळ्यांना रोग लागतो. शनिवारी दोन्ही खड्डे तापलेले हवेत. नाहीतर सगळं उपसून जाळायचं आणि हा कॅनचा खेळ बंद."

आत्याने कॅनचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

मंगळवारच. दुपार. थर्मामीटर नाही, नाक.

ठिणगीने पालथं पडून दोन्ही खड्डे हुंगले. "पहिल्याला जंगलाचा वास येतो. दुसऱ्याला पोहण्याच्या तलावाचा."

"तलावात कचरा नसतो," घुबड म्हणाला.

"मी कचरा म्हटलं का? वास म्हटलं."

मोजपट्टी विचारात पडला. पहिला खड्डा आत्याने भरला होता. दुसरा तिने शेडवाल्या काकांवर सोपवला होता. शेडवाले काका म्हणजे शेड सांभाळायचा चाळीस वर्षांचा अनुभव आणि त्याहून जुना राग.

"उद्या पहाटे पहारा," मोजपट्टी म्हणाला.

बुधवार. सकाळचे सहा. तुतीच्या ओळीमागे तीन डोकी.

काका आले. हातात भोकं पाडलेला डबा. दुसऱ्या खड्ड्याशी वाकून त्यांनी पांढरी पावडर भुरभुरली, हलक्या हाताने, कोपरा न् कोपरा.

"ब्लीचिंग पावडर," घुबड कुजबुजला. "शेड धुतात ना, ती. जंतू मारायला."

"म्हणजे आत्याचेसुद्धा!" ठिणगी उभीच राहिली. "काका, हे रोज टाकता?"

काका जरासुद्धा दचकले नाहीत. "अळ्यांच्या घरातली घाण आहे ही. पावडरीशिवाय सोडीन का? चाळीस वर्षांत माझ्या शेडमध्ये रोग शिरलेला नाही."

"आत्याला सांगितलंत?"

"हात धुतल्याचं कोणी सांगत फिरतं का? व्हा बाजूला."

हे ऐकून आत्या खड्ड्याच्या काठावर मटकन बसली. "पाणी किती, कालवायचं कसं, सगळं सांगितलं मी त्यांना. पावडर टाकू नका, हे सांगायचं सुचलंच नाही."

मग दिवसभर उपसाउपशी. दुसऱ्या खड्ड्यातला कचरा त्यांनी उन्हात पसरला. तलावाचा वास गेला असं ठिणगीने जाहीर केल्यावरच तो पुन्हा भरला. पहिल्या खड्ड्यातल्या गरम खताच्या पाच टोपल्या त्यात मिसळल्या. वरून कॅन.

"आणि उद्या काका परत आले तर?" मोजपट्टीने विचारलं.

"मी बोलले तर म्हणतील, कालची पोर मला शिकवते," आत्या म्हणाली.

"ते कोणाचंच ऐकत नाहीत," घुबड म्हणाला.

"एकाचं ऐकतात," ठिणगी म्हणाली. ती शेडच्या दाराकडे बघत होती.

गुरुवार. ३४.

काका डबा घेऊन आले आणि थबकले. खड्ड्याच्या काठावर पाटी रोवलेली होती. शेडच्या दारावरची, त्यांच्याच अक्षरातली. *आत जीव आहेत. हात धुऊन, विचारूनच यावे.* शेड रिकामी असतानाही या पाटीपुढे काका थांबत.

"ही माझी पाटी."

"हो काका," ठिणगी म्हणाली. "आत जीवच आहेत. दिसत नाहीत एवढंच."

"आणि न दिसणाऱ्या जंतूंवर तुमच्याइतका विश्वास कोणाचा आहे? त्यांच्यासाठीच तर पावडर टाकता." घुबडाने हळूच जोडलं.

काकांनी डबा लांब नेऊन ठेवला. नळावर जाऊन हात धुतले. दोनदा.

शुक्रवार. ४७.

शनिवार.

गार सकाळ. काकांनी दाताळ्याने वरचा थर बाजूला केला आणि खड्ड्यातून वाफ उठली. एखादं प्रचंड जनावर झोपेत श्वास सोडतंय, तशी. खाली विस्तव नव्हता, वायर नव्हती, ऊनही अजून पोचलं नव्हतं. काळ्या पाल्यावर बारीक पांढरी जाळी पसरली होती, जणू आत कोणी कोष विणायला बसलंय.

मोजपट्टी थर्मामीटर घालायलाच विसरला.

आजोबांनी कोपरापर्यंत हात खुपसला आणि झटकन बाहेर काढला. "अरे, भाजतंय की!"

"एकोणसाठ," अखेर मोजपट्टीने वाचलं.

आजोबा आत्याकडे वळले. "खड्डे राहतील. आणखी दोन खण." मग मुलांकडे. "आयुष्यभर डोळ्यांना दिसणाऱ्या अळ्या जपल्या मी. तुम्ही न दिसणारे वाचवलेत. शाबास."

पाटी जराशी तिरकी झाली होती, ती काकांनी सरळ केली.

"उद्या अंडी येतील," ते म्हणाले. "शेडला नवी पाटी लागेल. ही इथलीच झाली."