पापण्यांवरचा उजेड

ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा ती डोळ्यांच्या दवाखान्यात पोचली. भिण्यासारखं त्या उपचारात काहीच नव्हतं. ती रफूचं काम करायची. फाटलेलं कापड असं सांधायची, की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. पण हल्ली पापण्या लाल होऊन सुजायच्या, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, सुईचं नेढं दिसेनासं व्हायचं.

सासूबाई गेल्या तेव्हाही हे डोळे कोरडेच राहिले. हिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही, असं नणंदेने चारचौघांत सुनावलं. नवऱ्याने मान फिरवली. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं सगळं हिनेच काढलं होतं, ते कोणाला आठवलं नाही. आणि हिचं नुकतंच लग्न झालेलं असताना त्याच म्हातारीने हिला स्वयंपाकघरात रडताना पकडून बजावलं होतं, "माझ्या घरात रडायचं नाही." त्यानंतर ती रडली नाही. गिळायला शिकली.

डॉक्टरीणबाईंनी आधीच समजावलं होतं, की पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या तुंबल्यात. डोळ्यांखालच्या कातडीवर उजेडाचे झटके दिले, की सूज उतरते, तेल मोकळं होतं. खुर्ची मागे कलली. डोळ्यांवर झाकणं बसली, गालांवर गार जेल. दार बंद झालं आणि यंत्राची घरघर तेवढी उरली.

टक्.

झाकणांखालीही सगळं लालभडक झालं, आणि त्या लाल उजेडात तिच्या पायांशी कोणीतरी बसलेलं दिसलं. वाकलेली पाठ, विरळ केस.

पुढच्या झटक्याला ते कंबरेपाशी होतं.

"बाई... खोलीत आणखी कोण आहे?"

"कोणी नाही. हलू नका हं."

मग चेहराच दिसला, तिच्या तोंडावर ओणवलेला. सासूबाईंचा. ओठ हलले, आणि कानाशी अगदी हळू आवाज आला, "आता रड..."

झाकणं काढली तेव्हा डोळे वाहत होते. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पहिल्याच वेळी इतका गुण सहसा येत नाही म्हणाल्या. तिला मात्र दुःख कसलंच होत नव्हतं. छातीत सगळं ठणठणीत कोरडं, आणि गालांवरून धारा.

घरी नवऱ्याने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आईची आठवण आली ना?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. पण मग तो हात निघून गेला असता. तिने मान डोलावली. तो आत गेला, बहिणीला फोन लावला. रडली एकदाची, असं समाधानाने सांगू लागला.

ती न्हाणीघरात गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यात कपडा पिळून तिने पापण्यांवर धरला. डोळे गच्च मिटलेले होते. तरी न्हाणीघर दिसत होतं. नळ, बादली, भिंतीवरची ओल. आणि बेसिनवर वाकलेली एक पाठमोरी बाई, तोंडावर कपडा धरलेली.

ती पाठ तिने ओळखली. तिची स्वतःचीच होती.

नवरा अजून बाहेर फोनवरच बोलत होता. दारातून तिच्याकडे कोणीतरी पाहत होतं, त्याच नजरेने तिलाही हे दिसत होतं... आणि ते पाहणं हळूहळू जवळ येत होतं.