रिबकाचा नवस

घाटनांदूरच्या चर्चमध्ये त्या रविवारी कापणीचा सण होता. उपासना संपली आणि अंगणात सीताफळं वाटणारा एक उंच तरुण रिबकासमोर येऊन उभा राहिला.

"घ्या की. आमच्याच बागेतलं हाय."

"नको."

"पिकलेलं हाय हो. बोट लावलं तर फुटंल."

"म्हणूनच नको…" ती म्हणाली, पण नजर काही सीताफळावरून हटेना.

तो हसला. "तोंड नको म्हणतंय, डोळे तर कवाचेच खाऊन बसले!"

रिबका लाजली, रागावली आणि तरातरा फाटकाकडे निघाली. जाताना एकदा मागे वळून बघितलं, तेवढंच चुकलं.

त्याचं नाव शमुवेल. ही पोरगी स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये काम करते, हे त्याने दोन दिवसांत शोधून काढलं. मग त्याचं डोकं रोज दुखायला लागलं.

"कालची गोळी लागू पडली न्हाई का?" रिबकाने विचारलं.

"दुखणं हितं आलं की आपोआप उतरतं."

"मग गोळी नेता कशाला?"

"घरी गेलं की परत चढतं ना…"

तिला हसू फुटलं. आणि हसली तशी ती घाबरली.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी तिची आई ताराबाई मरणाच्या दारात होती. ख्रिस्ती घरात नवस बोलत नाहीत, हे रिबकाला चांगलं ठाऊक होतं. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात आजूबाजूच्या बाया आपापल्या देवाला नवस बोलत होत्या, आणि बुडत्याला काडीचा आधार! तिनेही डोळे मिटून सांगून टाकलं, "प्रभू, आई वाचू दे. मला आवडणारं सगळं मी सोडते."

आई वाचली. रिबकाने गोडधोड सोडलं, मोगरा सोडला, गाणी सोडली. कुणाला कळू दिलं नाही. आणि आता हा माणूस आवडायला लागला होता. त्याला धरलं, तर आईचं काय?

परतीच्या पावसाची भुरभुर चालू होती, त्या संध्याकाळी शमुवेल भिजतच दुकानात आला.

"आज गोळी नको," तो म्हणाला. "लग्न… कराल माझ्याशी?"

"न्हाई."

"मी आवडत न्हाई?"

"लई आवडता…" तिचे डोळे भरून आले. "म्हणूनच न्हाई."

मग तिने सगळं सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"हे आईला ठावं हाय?"

"न्हाई."

"मग माझं ऱ्हाऊ द्या. आधी त्यांना सांगा."

रिबकाने घरी येऊन सांगितलं, तसा भाकरी थापता थापता ताराबाईचा हात थांबला.

"म्हंजे दोन वरीस तू माझ्या जिवाचं भाडं भरतीस व्हय गं?"

"पण तू वाचलीस ना, आई…"

"प्रभूनं वाचवलं, अन् फुकट वाचवलं. तो काय सावकार हाय? त्यानंच फळात गोडी घातली, फुलाला वास दिला. बायबलात न्हाई का, लग्नघरी द्राक्षारस सरला, तवा त्यानं पाण्याचा करून दिला. असा हौशी हाय तो! वाढल्या ताटावरून लेकरू उठलं तर बापाला बरं वाटंल का?" तिने पदराने डोळे पुसले. "मला तरी कुठं बरं वाटलं?"

"पण तू परत आजारी पडलीस तर?"

"पडंन की. एक दिवस मरंन बी. पर तुझ्या हसण्यानं न्हाई मरणार, पोरी."

रिबका आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. तव्यावरची भाकरी करपली, तरी कुणी उठलं नाही.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर ती स्वतःच शमुवेलजवळ गेली.

"सांगितलं आईला."

"मग?"

"रडली. मग मला लई बोलली."

"अन्… आपलं?" त्याचा आवाज एवढासा झाला होता.

"मला अजून भ्या वाटतंय." तरी तिने त्याचा हात धरला. "पर मला तुमी पाहिजेत."

शमुवेलने डोळे मिटले. ओठ हलत राहिले.

"काय करताय?"

"आभार मानतोय… थांबा जरा, लई हायत."

रिबका थांबली. त्याचं आमेन म्हणून झालं, तरी तिने त्याचा हात सोडला नाही.