गाळणीत घातलेलं नाव

गुरुवार होता. मेलेल्यांच्या नावाने तेलाचा वास सोडायचा दिवस. आपा, म्हणजे बुरुलची सासू, सकाळपासून कढईत बोरसोक, कणकेचे छोटे गोळे, तळत होती.

"म्हाताऱ्यासाठी नाही हं. माझ्या मेलेल्या आईबापासाठी," ती पुन्हा बजावत होती. "आमचा म्हातारा जिवंत आहे."

म्हातारा, बुरुलचा सासरा, मागच्या शरदात घोडे आणायला खिंडीपलीकडे गेला, तो परतला नाही. प्रेतही मिळालं नाही. बुरुलने त्याच्या फोटोचं संकेतस्थळ केलं. कुठे दिसल्यास कळवा. खाली लोक कमेंट लिहीत, आणि आपाच्या फोनची घंटी वाजे. बरेच जण टवाळ. एकाने लिहिलं, म्हातारा खिंडीखालच्या टपरीत चहा पितोय. आपा बर्फातून चालत निघाली. थंडीने पायाची दोन बोटं गेली. पुन्हा निघाली तर ती परत येणार नाही, हे बुरुलला ठाऊक होतं.

म्हणून ती आज बाजूच्या खोलीत संगणकापुढे बसली होती. कमेंट पानावर दिसण्याआधी एका जागेतून जाते. तिथे आपली गाळणी अडकवता येते. गाळणीत शब्द घालायचा. तो शब्द मजकुरात किंवा लिहिणाऱ्याच्या नावात असला, की कमेंट अडते. आपण मंजूर केली तरच पुढे जाते.

शब्द एकच होता. सासऱ्याचं नाव.

"तुझं ते यंत्र चहा करतं का गं?" आपा आतून ओरडली. "नाही ना? मग ऊठ की!"

"आले, आपा."

सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. अकरा वर्षं बुरुलने ते ना उच्चारलं, ना लिहिलं. आता तिने ते एकेक अक्षर दाबून लिहिलं. तिने गाळणी चालू केली.

लगेच एक कमेंट अडली. लिहिणाऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव.

'कोण हाक मारतंय...?'

टवाळ मेला, ती पुटपुटली. मग दुसरी.

'सूनबाई, तू? अकरा वर्षांत पहिल्यांदा...'

गाळणीतला शब्द बाहेर कुणाला दिसत नाही. तो तिने कुणाला सांगितलाही नव्हता. खिडकीबाहेर दुपारचं पांढरं ऊन होतं. कुत्रा भुंकता भुंकता मध्येच गप्प झाला. घोड्याच्या ओल्या घामाचा वास आला. घोडे तर घरात उरलेच नव्हते.

'पूल ओलांडला. तेलाचा वास येतोय. ती कुठाय?'

बुरुलने एकही मंजूर केली नाही. नाव पुसायला तिने गाळणी उघडली.

नाव तिथे नव्हतं. त्या जागी दुसरं होतं. आपाचं. तेही तिने जन्मात कधी लिहिलं नव्हतं. घरात आपाला त्या नावाने एकच माणूस हाक मारायचा.

आता गाळणी त्याला अडवत नव्हती.

स्वयंपाकघरात आपाच्या फोनची घंटी वाजली. मग आपा हसली. हळू, लाजून, नव्या नवरीसारखी.

"आपा, वाचू नका...!"

बुरुल धावली. कढईत तेल कडकडत होतं. फोन पिठाच्या पाटावर पडला होता. दार सताड उघडं. अंगणातल्या बर्फात आपाच्या रबरी बुटांचे ठसे फाटकापर्यंत गेले होते. फाटकाबाहेर दोन माणसांचे ठसे होते, खिंडीकडे जाणारे. बाहेरून फाटकाकडे येणारा एकही नव्हता.

गावाने तीन दिवस शोधलं. माणसं आपाच्या नावाने हाका मारत होती. बुरुल प्रत्येकाचा हात धरून विनवत होती, "नाव घेऊ नका..." शोकाने हिचं डोकं फिरलं, लोक म्हणाले.

चौथ्या दिवशी तिने संगणक उघडला. गाळणीत एक कमेंट अडली होती. लिहिणारीच्या जागी आपाचं नाव. आपाचा फोन तर बुरुलच्या खिशात होता.

'पोरी, कढई उतरव. आम्ही फाटकाशी उभे आहोत.'

खाली मंजुरीचं बटण होतं. बाहेर कुत्रा गप्प झाला.