यादीत नसलेली मुलगी

छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत, आणि ते नाव तिने कष्टाने कमावलेलं होतं. 'शोधा पाहू' छापाची मुलांची चित्रपुस्तकं छपाईला जाण्याआधी तिच्या टेबलावर येत. पानाच्या कडेला यादी असे: मांजरं बारा, मगरी तीन, फुटका रांजण एक. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून ती एकेक पट्टा भिंगाखालून नेई आणि सापडेल त्यावर शिसपेन्सिलीचा ठिपका देई. एक मांजर जास्त निघालं तरी चित्रकाराची खैर नसे. यादीत नाही ते पानात नको, हा तिचाच नियम.

त्या दुपारी प्राचीन इजिप्तचं पुस्तक आलं होतं. नवव्या पानावर नदीकाठचा बाजार होता: गाढवं, कांद्यांच्या राशी, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. खिडकीतलं ऊन पानावर पसरलं होतं, आणि कुठलं ऊन छापलेलं नि कुठलं बाहेरचं, ते तिला नीट कळेना. रांजणांच्या रांगेमागे एक मुलगी उकिडवी बसली होती. निळा फ्रॉक. एक मोजा वर ओढलेला, एक घोट्याशी उतरलेला.

भिंगबाईने म्हाताऱ्या चित्रकाराला बोलावलं. "ही कोण?"

तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला. "बाई, शपथेवर सांगतो, मी नाही काढली. पिरॅमिडच्या जमान्यात पोरीला मोजे घालायला मला काय वेड लागलंय?"

"मग आली कुठून?"

"काय माहीत! बुजवून टाकतो की. चारला पानं जायचीत." त्याने ब्रश उचलला.

भिंगबाईने त्याचा हात धरला.

भिंगबाईची धाकटी बहीण तेव्हा सहा वर्षांची होती, आणि ती स्वतः दहाची. लपाछपीत राज्य हिच्यावर होतं. शंभर आकडे मोजून झाले आणि हिला कंटाळा आला. न शोधताच ती घरी जाऊन जेवली. संध्याकाळी शोधाशोध सुरू झाली तेव्हा म्हणाली, "मी सगळीकडे बघितलं." धाकटी पुन्हा दिसली नाही. या गोष्टीला चाळीस वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून भिंगबाई शोधतच होती. मांजरं, मगरी, रांजण, मिळेल ते.

"राहू दे तिला," ती म्हणाली.

यादीच्या शेवटी तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: मोजा उतरलेली मुलगी, एक. मग त्या निळ्या फ्रॉकवर हलकेच ठिपका दिला.

"सापडलीस गं," ती पुटपुटली. तिला रडू आवरेना. चित्रकार गुपचूप निघून गेला.

तीन आठवड्यांनी छापील प्रत आली. जेवणाची सुट्टी होती, यंत्रं बंद होती, खोलीत तेच पिवळं ऊन. तिने नववं पान उघडलं. रांजणांमागे कुणीच नव्हतं.

भिंग हळूहळू सरकत गेलं. बाजाराच्या टोकाला, एका खांबाशी, मुलगी पाठमोरी उभी होती. कपाळ खांबाला टेकलेलं. दोन्ही तळवे डोळ्यांवर.

जो सापडतो, त्याच्यावर राज्य येतं. एवढी साधी गोष्ट भिंगबाई विसरली होती.

कुठूनतरी बारीक आवाजात आकडे ऐकू येत होते. नव्वद. एक्क्याण्णव.

तिला भीती वाटली. पण भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला. या वेळी डाव अर्धवट टाकायचा नाही.

तिने चपला काढल्या, अनवाणी पायांनी कागदाच्या गठ्ठ्यांमागे गेली आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली.

शंभर.

टेबलावर पान उलटलं. मग दुसरं. पुस्तक पहिल्यापासून उलटत होतं, एकेक पान, सावकाश, तिच्यासारखंच.

शेवटचं पान झालं. थोडा वेळ काहीच नाही.

मग टेबलाचा वरचा खण उघडला.