मागच्या खोलीतला डबल बेस

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, मला राग नाही. माझाही असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर माझा माणसांवरच फारसा विश्वास नाही, तिथे भुतांचं काय घेऊन बसलात!

आणि हो, मध्यरात्र, वीज गेलेली, कुत्री रडतायत... असलं काही इथे नाही.

भर दुपार होती. तिसरा मजला, मागची खोली. खिडकी उघडी आणि खाली गाड्यांचे हॉर्न.

मी साउंडवाला. सभागृहात माइक लावायचे, वायरी टाकायच्या, स्पीकरने शिट्टी मारली की धावत सुटायचं, हे माझं काम. या धंद्यात संशयी स्वभाव लागतो. आवाज आला नाही तर वायर तपासायची. नको तो आवाज आला तर आधी माणसं तपासायची.

माझी मोठी बहीण डबल बेस वाजवते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, दिसायला व्हायोलिनच, पण माणसाहून उंच. उभं राहून, अंगाला टेकवून वाजवायचा. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, त्याला 'कपाट' म्हणतात. "बायको एक आणली, सोबत कपाट आलं," हा त्यांचा ठरलेला विनोद. आम्ही हसणं कधीच सोडलंय.

ताई बरीच वर्षं एका हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये वाजवायची. तिथे हॉटेलचाच बेस होता. ती बोटांनी तारा छेडायची, लाकडाला चिकटवलेल्या चकतीतून आवाज ॲम्पमध्ये जायचा, तिथून मोठा होऊन स्पीकरवर, आणि लोक जेवत असायचे. मान वर करून कोणी बघायचं नाही.

मग एका मोठ्या वाद्यवृंदात बेसची जागा रिकामी झाली. कोणीतरी ताईचं नाव सुचवलं आणि तिला परीक्षेला बोलावणं आलं.

ताई पन्नाशीला टेकली होती. ही संधी गेली की पुन्हा येणार नव्हती. तिला ते ठाऊक होतं, आम्हालाही.

अडचण एकच होती. तिथे गजाने वाजवायचं होतं. गज म्हणजे घोड्याचे केस ताणून बसवलेली काठी. केसांना राळ चोळायची आणि तारेवरून गज ओढायचा. टोकाला पोचला की परत फिरवायचा. त्या वळणावर ताईचा सूर दर वेळी अडखळायचा. रस्त्यात खड्डा लागावा तसा.

परीक्षेत वाजवायचा तुकडा संथ होता, लांबच लांब सुरांचा. त्यात लपायला जागा नव्हती. शिवाय माइक नाही, ॲम्प नाही. नुसतं लाकूड आणि हात.

ताईने नवा गज घेतला आणि रोज सकाळी मागच्या खोलीत रियाज सुरू केला. वाजवून झालं की तारांवर पडलेली राळेची पांढरी पूड फडक्याने पुसायची, गज भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा, आणि हॉटेलात जायचं. असा तिचा क्रम.

एका संध्याकाळी तिचा मला फोन आला.

"तू दुपारी आला होतास का रे?"

"नाही. का?"

"बेसला कोणीतरी हात लावलाय."

मी गेलो. तारा सकाळी स्वच्छ पुसलेल्या होत्या, असं ती शपथेवर सांगत होती. आता तारांवर पांढरी पूड होती. खाली लाकडावरही तिचा थर होता...

कोणीतरी गज फिरवला होता. तोही बराच वेळ.

माझ्या मनात पाल चुकचुकली. घरात दुपारी एकच माणूस असायचं. भाऊजी! ते छापखान्यात रात्रपाळीला. दिवसभर पुढच्या खोलीत झोपलेले.

"भाऊजी, खरं सांगा," मी म्हणालो.

"अहो मेव्हणे, मला ते कपाट सरकवायला दोन माणसं लागतात. मी वाजवणार? आणि झोप सोडून?"

"मग पूड कुठून आली?"

"तुमच्या बहिणीला पुसायचा कंटाळा. नाव माझं."

ताई भडकली. मी मधे पडलो. पण मला वाटत होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. ताईला जागा मिळाली तर तिला महिनोन् महिने बाहेरगावी दौरे करावे लागणार होते. भाऊजींना ते नको होतं. तसं ते बोलले नव्हते, पण माणूस न बोलता काय करेल याचा नेम नसतो.

दुसऱ्या दिवशी ताई निघाली तेव्हा मी मागच्या खोलीला माझं कुलूप लावलं. किल्ली खिशात ठेवली.

संध्याकाळी उघडलं.

गज खिळ्यालाच होता. कुलूप जसंच्या तसं.

आणि तारांवर पूड...

आता मला ताईचाच संशय यायला लागला. परीक्षेच्या धास्तीने माणूस काहीही करतं. पुसलंय असं वाटतं, पुसलेलं नसतं. मग तिसऱ्या दिवशी मी माझ्या हाताने तारा पुसल्या आणि माझी आयुधं बाहेर काढली.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं यावर आहे.

बेसच्या लाकडाला मी एक चकती चिकटवली. ही चकती हवेतला आवाज जवळजवळ घेतच नाही. लाकूड थरथरलं, तरच तिला कळतं. आणि खोलीच्या मधोमध एक चांगला माइक उभा केला. तो फक्त हवेतलं ऐकतो. दोन्ही एकाच यंत्रात, वेगवेगळे नोंदवायला लावले. कुलूप लावलं आणि गेलो.

संध्याकाळी आम्ही तिघं ऐकायला बसलो.

आधी माइक. खालचे हॉर्न. कोणीतरी जिन्यात बादली आपटली. आणि मग, भिंतीपलीकडून... घोरणं. लांब, शांत, एका लयीत.

"बघा! बघा!" भाऊजी टाळ्या वाजवायला लागले. "मी झोपलेलो! सुटलो मी! घोरण्याचा असा उपयोग आजवर कोणाला झाला नसेल!"

ताईसुद्धा हसली.

मग मी माइक बंद करून चकतीचा आवाज लावला.

बराच वेळ काही नाही.

मग लाकूड एकदा करकरलं. कोणीतरी टेकल्यासारखं...

आणि गज सुरू झाला.

सर्वांत खालची तार. सूर आला आणि येतच राहिला. परीक्षेचाच तुकडा! एकेक सूर इतका लांब की ऐकताना आपलाच श्वास संपावा. गज कुठे वळतोय ते कळतच नव्हतं.

भाऊजींचं हसू विरलं.

मी पुन्हा माइक लावला. त्याच मिनिटाला, त्याच खोलीत... हॉर्न. घोरणं. बस्स. बेसचा खालचा सूर खोलीत वाजला की खिडकीच्या काचा थरथरतात हो! माइकला तो ऐकू न येणं शक्यच नव्हतं.

लाकूड वाजत होतं आणि खोलीला पत्ता नव्हता.

मी वायरी तपासल्या. चकती बदलली, यंत्र बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गज विकणाऱ्यालाही जाऊन छेडलं, कुणाचा होता, कुठून आला. तो वैतागला. गज कोरा करकरीत होता, कारखान्यातून आलेला. बेस ताईकडे लग्नाआधीपासून होता. संशय घ्यायला कुठे जागाच नव्हती, आणि हेच मला सहन होत नव्हतं.

"ताई, तो बेस आत्ताच्या आत्ता विक," मी म्हणालो.

ती ऐकत नव्हती. हेडफोन कानाला लावून पुन्हा पुन्हा तोच तुकडा लावत होती.

"वळण कसं घेतलंय बघ ना रे," ती म्हणाली. "मनगट आधीच सैल सोडत असणार."

"कोण सोडत असणार?"

तिने नोंद मागे नेऊन पुन्हा लावली. मग म्हणाली, "मला इतकी वर्षं कोणी शिकवायला आलं नाही. आता आलंय, तर मी दार लावून घेऊ?"

मला भीती वाटली, स्पष्टच सांगतो. पण तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बेस विकायचा विषय मी सोडून दिला.

त्या दिवसापासून, माझा एक छोटा ॲम्प मधे लावून, तिचा रियाज हेडफोनवर सुरू झाला. एका कानात ती दुपारची नोंद, दुसऱ्या कानात चकतीतून येणारा तिचा स्वतःचा बेस. खड्डे बुजत गेले. मी तिच्या शेजारी दुसरा हेडफोन लावून ऐकायचो. दोन्ही कानांतलं वाजवणं हळूहळू एकच व्हायला लागलं होतं.

तारांवरची दुपारची पूडही थांबली. मला वाटलं, चला, सुटलो.

मग एकदा भाऊजी जिन्यात भेटले.

"मेव्हणे, हल्ली झोप मस्त लागते बघा. सकाळी येऊन पडलो की थेट दुपार."

"ताई वाजवत असते ना?"

"वाजवत असेल. आवाज नसतो."

हा माणूस विनोद करतोय की काय, अशी मला शंका आली. पण ते हसत नव्हते...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न सांगता गेलो. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाहेर उभा राहिलो.

शांत.

दार ढकललं.

ताई वाजवत होती. हेडफोन लावून, डोळे मिटून, पूर्ण जोर लावून गज ओढत होती. जाड तार डोळ्यांना अंधुक दिसावी इतकी थरथरत होती. राळ उडत होती.

आवाज... नव्हता.

मी हेडफोनची वायर ॲम्पमधून काढली. स्पीकरमधून सूर असा उसळला की काचा थरथरल्या. मग ॲम्प बंद केला.

खालचे हॉर्न ऐकू आले. ताईचा गज चालूच होता.

"ताई! थांब! काही ऐकू येत नाहीये!"

तिने हेडफोन काढले, पुन्हा गज ओढला, मान जराशी कलती केली. "येतंय की! नीट येतंय."

"मला येत नाहीये."

"जन्मभर स्पीकरसमोर उभा राहिलास. कान तपासून घे."

तिचं बरोबर असू शकत होतं, हाच तर घोळ होता. माझे कान काही नवे राहिलेले नाहीत. भाऊजी झोपेत. आणि बेस ताईच्या अंगाला टेकलेला असतो. लाकूड थरथरलं की ते तिच्या हाडांतून थेट आत जातं. तिला ऐकू येणारच. माइक लावून दाखवतो म्हणालो, तर तिने मला खोलीबाहेर काढलं. परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती.

"उद्यापर्यंत तुझा संशय तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली. हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

परीक्षा एका छोट्या हॉलमध्ये होती. उंच खिडक्या, लाकडी जमीन, भरपूर ऊन. समोर वाद्यवृंदाचे मास्तर आणि त्यांचे दोन सहकारी. मी बेस उचलून आणला होता, म्हणून मला कोपऱ्यात बसू दिलं.

ताईने बेस अंगाला टेकवला. डोळे मिटले. गज तारेवर ठेवला...

आणि ओढला.

मी जिवाच्या कराराने ऐकत होतो. खुर्ची करकरली. एकाने घसा खाकरला. बाहेर कुठेतरी पाण्याचा पंप चालू झाला. हे सगळं मला ऐकू आलं. म्हणजे माझे कान शाबूत होते.

तार थरथरत होती. उन्हात राळेची पूड तरंगत होती. गज टोकाला गेला, वळला, परत आला. ताईच्या चेहऱ्यावर तोच आनंद होता.

मास्तर वाट बघत होते. थोड्या वेळाने अगदी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, घाई नाही. तुमची तयारी झाली की सुरुवात करा."

ताईने ऐकलं नाही. तिचा अर्धा तुकडा वाजवून झाला होता.

मला राहवलं नाही. मी धावत गेलो आणि बेसच्या पाठीवर तळहात टेकवला.

काय सांगू... अख्खं लाकूड गात होतं. हातातून खांद्यापर्यंत सूर चढत होते. एकही खड्डा नाही. माझी बहीण आयुष्यात इतकं सुंदर कधी वाजवू शकली नव्हती, आणि त्या हॉलमध्ये ते फक्त माझ्या हाताला कळत होतं. मला रडू कोसळलं.

शेवटचा सूर संपला. ताईने डोळे उघडले. मास्तरांकडे बघून हसली.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

माझा हात अजून बेसवरच होता.

मास्तर गोंधळले. पुढे झुकले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणाल्या त्या?"

त्यानंतर ताई कुठल्या परीक्षेला गेली नाही. बेस विकायला ती तयार नाही. हॉटेलात तिचं बरं चाललंय. तिथे ॲम्प आहे. लोक जेवत असतात, कोणाला काही वेगळं वाटत नाही.

घरी ती आमच्याशी नेहमीसारखी बोलते. काही दिवस सगळं ठीक असतं. काही दिवस मला दोनदा विचारावं लागतं, आणि ती मला पुन्हा कान तपासायला सांगते. कान मी तपासून घेतले. चांगले आहेत.

हल्ली मी एक गोष्ट बघतोय. ताई बोलायला लागली की भाऊजी उठून तिच्याजवळ जाऊन बसतात, आणि ती बोलत असेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवतात. हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

परवा मी त्यांना विचारलं, हे काय नवीन.

"बायकोवर प्रेम आहे, मेव्हणे," ते म्हणाले, आणि माझी नजर चुकवली.

माझा विश्वास बसलेला नाही.