उभी राहिलेली पावलं

दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या ठाण्यावर वाऱ्याचं नाव काढलं की माणसांच्या कपाळाला आठ्या पडत. शाल्मली मात्र सकाळपासून त्याचीच वाट पाहत होती. धावपट्टी साफ करायला आणलेलं भारजाळं तिनं पूर्वेकडच्या वाटेवर पसरून ठेवलं होतं.

"एवढ्याशा वाऱ्यानं बर्फ हलेल?" केरकर सरांनी विचारलं. ते ठाण्याचे प्रमुख. वारा मोजता मोजता केस पिकले, तरी हे जाळं काही त्यांच्या पचनी पडलं नव्हतं.

"हलेल, सर. हिमकण वाऱ्याबरोबर सरळ उडून जात नाहीत, टुणटुण उड्या मारत जातात. एक पडला की धक्क्यानं दुसऱ्यांना उडवतो. या उडीवहनात घासून त्यांच्यावर विद्युतभार येतो. जाळं त्या भाराला वर ढकलतं, कण हलके होतात, मग झुळूकही पुरते."

"आणि यशोधनच्या पावलांचं काय?"

"पाऊल पडलं की खालचे कण दाबले जाऊन एकमेकांना घट्ट चिकटतात. सुटा बर्फ निघून जाईल, दाबलेला जागचा हलणार नाही. त्याची पावलं खड्डे होऊन नाही, उंचवटे होऊन दिसतील."

यशोधन तिचा नवरा. हिवाळ्याच्या तोंडाशी आलेल्या वादळात तो ठाणं आणि पूर्वेची निरीक्षण-खोपी यांच्या मधोमध अडकला. बिनतारी यंत्रावर "येतो गं" एवढंच ऐकू आलं आणि आवाज तुटला. आपली भाषा अशी, की निघतानाही माणूस येतो म्हणतो आणि परततानाही. सगळ्यांनी शाल्मलीकडे पाहिलं. सकाळीच दोघांचं वाजलं होतं. तो निरोप घेतोय, खोपीकडे निघालाय, असं तिनं ठामपणे सांगून टाकलं. वादळ ओसरल्यावर माणसांनी खोपीभोवतीचा बर्फ पालथा घातला. तो सापडला नाही. तो जिवंत नाही, हे तिला कळत होतं. पण शेवटी त्याचं तोंड कुणीकडे होतं, आपल्याकडे की आपल्यापासून दूर, एवढं कळावं म्हणून तिचा जीव तुटत होता.

दुपारी वारा सुटला. तिनं कळ दाबली. कण घोट्याइतक्या उंचीनं पळू लागले, पीठ चाळावं तसा आवाज येऊ लागला, आणि बघता बघता पावलं वर आली. टाचा पूर्वेला, चवडे ठाण्याकडे.

"परतत होता, पोरी," केरकर हळूच म्हणाले.

ती कडेकडेनं पावलांबरोबर चालू लागली. ठाण्यालगतच्या झेंड्याच्या खांबापाशी एक रुंद, टणक उंचवटा आला. पावलं त्याच्या कडेशी थांबली. पलीकडे एकही नव्हतं.

"इथला बर्फ कसा नाही उडाला?" केरकरांनी विचारलं आणि विचारताच त्यांच्या ध्यानात आलं. दाबलेला बर्फ उडत नाही. खोपी दिसायची ती याच जागेवरून. हिवाळाभर रोज शाल्मली इथं येऊन पूर्वेकडे डोळे लावून उभी राहिली होती. तिच्यासाठी त्यांनी स्वतः इथं चहा आणून दिला होता.

शाल्मली गुडघ्यांवर बसली. हातमोजा काढून तिनं तळवा बर्फावर टेकवला.

"कधीचाच आला होतास," ती म्हणाली. "आणि मी तुझ्या अंगावर उभी राहून तुझी वाट बघत होते."